जमिनीतून वर येणारं भूत आणि लाकडावरची पांढरी रेघ: व्हिक्टोरियन नाटकांची जुनी प्रिंट्स समजून घेताना

भाचीनं नव्या घराच्या हॉलसाठी ऑनलाइन एक चित्र मागवलं. जमिनीतून कंबरेपर्यंत वर आलेला एक तरुण, त्याच्या सदऱ्यावर रक्ताचा लाल डाग आणि समोर टेबलाशी बसलेला, हुबेहूब त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा तरुण. खाली इंग्रजीत नाटकाचं नाव, 'द कोर्सिकन ब्रदर्स', आणि 1852 हे साल. मी चहाला गेलो तर कप हातात द्यायच्या आधीच तिनं मला भिंतीसमोर उभं केलं. "मामा, हा फोटो आहे की चित्र? आणि हा माणूस जमिनीतून येतोय कसा?"

हल्ली कॅफेंच्या भिंतींवर, वेब सिरीजच्या सेटवर आणि 'व्हिंटेज वॉल डेकोर' विकणाऱ्या दुकानांत ही चित्रं सगळीकडे दिसतात. लटकवणारे पुष्कळ, पण ती काय आहेत हे सांगणारं कुणी भेटत नाही. भाचीच्या प्रश्नांच्याच क्रमानं जाऊ.

आधी हा काळ कुठला ते बघू

राणी व्हिक्टोरिया गादीवर होती 1837 ते 1901. तेवढा काळ व्हिक्टोरियन. लंडनमध्ये तेव्हा करमणूक म्हणजे थिएटर. पण 1843 पर्यंत तिथे एक विचित्र कायदा होता. निव्वळ संवादांचं, 'गंभीर' नाटक करायचा परवाना मुख्यतः ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोनच थिएटरांकडे, आणि उन्हाळ्यापुरता हेमार्केटकडे. बाकीच्यांनी नाटक करायचं तर त्यात गाणी, संगीत, मूकाभिनय घालायचा आणि 'आमचं हे नाटक नव्हेच' असा आव आणायचा. मेलोड्रामा या पळवाटेत चांगला पोसला. मेलोड्रामा म्हणजे पार्श्वसंगीताच्या साथीनं चालणारं, खलनायक, अबला आणि शेवटच्या क्षणी सुटका असलेलं भावनाप्रधान नाटक. 1843 च्या कायद्यानं ही मक्तेदारी मोडली. (त्याच वर्षी इकडे सांगलीत विष्णुदास भावे 'सीता स्वयंवर' उभं करत होते. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण साल लक्षात ठेवायला सोपं जातं.)

त्याच्या एक वर्ष आधी, मे 1842 मध्ये, 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' सुरू झालं. बातम्या चित्रांसकट देणारं हे पहिलं मोठं साप्ताहिक. पुढे 1869 मध्ये 'द ग्राफिक' आलं, 1874 मध्ये खास खेळ आणि नाटकांना वाहिलेलं 'इलस्ट्रेटेड स्पोर्टिंग अँड ड्रॅमॅटिक न्यूज'. दर आठवड्याला पानं भरायची, तर चित्रं हवीत. युद्ध रोज होत नाही, आगही रोज लागत नाही. नवं नाटक मात्र सतत लागत असतं. थिएटरवाल्यांना प्रसिद्धी मिळायची, साप्ताहिकाला चित्र. आज बाजारात व्हिक्टोरियन नाटकांची प्रिंट्स म्हणून जे मिळतं, त्यातला मोठा वाटा अशा साप्ताहिकांतून कापून काढलेल्या पानांचा आहे.

"फोटो काढायची सोय नव्हती का तेव्हा?"

होती, पण रंगमंचावर तिचा उपयोग नव्हता. 1851 नंतर जी पद्धत रुळली तिला ओल्या काचेची पद्धत म्हणू. काचेवर रसायन लावायचं, ते ओलं आहे तोवरच कॅमेऱ्यात घालायचं आणि ओलं असतानाच धुवायचं. स्टुडिओतल्या भरपूर उजेडातही माणसाला काही सेकंद पुतळ्यासारखं बसावं लागे. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावत. त्यात हे रसायन निळा उजेड चटकन टिपायचं आणि पिवळा जवळजवळ टिपायचंच नाही. थिएटरात तर गॅसच्या दिव्यांचा पिवळा उजेड! काच कोरीच राहायची.

म्हणून नट वेषभूषा करून स्टुडिओत जात आणि तिथे रंगवलेल्या पडद्यासमोर उभे राहत. व्हिजिटिंग कार्डाएवढे असे फोटो 1850 च्या दशकाच्या शेवटापासून प्रचंड खपले. एकटा नट, नाहीतर दोघे-तिघे, स्थिर. दहाबारा माणसं, वादळ, बुडणारी बोट असलं काही दिसलं की ते चित्रकाराच्या हातचं समजावं.

मग चित्र पानावर आलं कसं?

हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

रबरी शिक्का डोळ्यासमोर आणा. उठावाच्या भागाला शाई लागते, खोलगट भाग कोरा राहतो. छापखान्यातले शिशाचे खिळेही याच तत्त्वावर चालतात. त्यामुळे चित्रही उठावाचं असेल तर ते मजकुराच्या शेजारी बसवून एकाच फटक्यात छापता येतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्राचं उलटं असतं. तिथे शाई खाचेत भरतात आणि छपाई वेगळ्या यंत्रावर, वेगळ्यानं करावी लागते. घाईतल्या साप्ताहिकाला ते परवडणारं नव्हतं.

उत्तर होतं लाकूड. बॉक्सवुड नावाच्या झाडाचं, मुख्यतः तुर्कस्तानाकडून येणारं, हस्तिदंतासारखं घट्ट लाकूड. ते फळीसारखं उभं न चिरता खोडाचा आडवा काप घेत. त्या कापाला तंतूंची दिशा नसते, त्यामुळे टोकदार हत्यारानं कुठेही केसाएवढी बारीक रेघ कोरता येते. थॉमस ब्यूइकनं हे तंत्र अठराव्या शतकाच्या अखेरीस नावारूपाला आणलं. अडचण एकच, या झाडाचं खोड बारीक. एका कापात जेमतेम पोस्टकार्डाएवढा ठोकळा निघायचा. साप्ताहिकाचं पान त्याच्या कितीतरी पट मोठं.

म्हणून ठोकळे एकमेकांना मागून बोल्टनं जोडत. चित्रकार त्या जोडलेल्या पृष्ठभागावर उलटं चित्र काढून देई. मग बोल्ट सोडून एकेक तुकडा एकेका कारागिराकडे. एकाकडे राजवाड्याची कमान, दुसऱ्याकडे नायिकेचा घोळदार झगा, तिसऱ्याकडे नुसतं आकाश. लग्नघरी पंगतीची भाजी चिरायला बसतात तसे सगळे एकाच वेळी बसून रात्रीत काम उरकत. सकाळी तुकडे परत जोडले जात, मुख्य कारागीर सांध्यावरच्या रेघा एकमेकींशी जुळवून घेई, आणि त्यावरून धातूचा साचा काढून छपाई सुरू.

सांधा नीट बसला नाही तर तिथे शाई लागत नाही. छापलेल्या चित्रात एक सरळ, बारीक पांढरी रेघ उमटते. कधी ती आकाशातून जाते, कधी थेट नटाच्या खांद्यावरून. भिंग घेऊन ती शोधायचा मला नाद आहे. सापडली की रात्रभर दिव्यापाशी वाकून बसलेली ती माणसं समोर दिसू लागतात.

चित्राखाली डाव्या कोपऱ्यात एक सही असते, उजव्या कोपऱ्यात दुसरी. नावापुढे 'डेल' असेल तर तो चितारणारा, 'स्कल्प' असेल तर कोरणारा. दोन्ही लॅटिन शब्दांची आखूड रूपं.

सगळीच प्रिंट्स लाकडावरची नसतात. पोस्टर्स आणि गाण्यांच्या छापील वह्यांची मुखपृष्ठं बहुधा लिथोग्राफ असत. लिथोग्राफ म्हणजे आपला शिळाछाप. दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वर तेलकट शाई फिरवायची. शाई तेलकट जागी चिकटते, ओल्या जागेवरून घसरते. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईत मराठी पंचांग याच पद्धतीनं छापलं होतं, तेव्हा हे तंत्र आपल्याला परकं नाही.

"हे सगळे इतके अवघडून का उभे आहेत?"

एक हात कपाळावर, दुसरा आकाशाकडे, गुडघा वाकलेला. बघणाऱ्याला वाटतं, चित्रकारानं फारच चढवून काढलंय. प्रत्यक्षात नटच असे उभे राहत.

शाळेच्या गॅदरिंगमधला टॅब्लो आठवा. पडदा उघडतो, शिवराज्याभिषेकाच्या प्रसंगात सगळी मुलं श्वास रोखून थिजलेली, टाळ्या, पडदा. व्हिक्टोरियन मेलोड्रामात जवळपास प्रत्येक अंकाचा शेवट असा होई. संहितेतच सूचना लिहिलेली असायची: 'टॅब्लो', नाहीतर नुसतं 'पिक्चर'. त्या क्षणी सगळे नट जागच्या जागी गोठत आणि पडदा पडे. टाळ्या जोरात पडल्या तर पडदा पुन्हा वर जाई आणि काही वेळा पुढच्या क्षणाचं दुसरं 'पिक्चर' दिसे.

म्हणजे नाटक स्वतःच थांबून चित्र होत होतं. स्केच काढायला बसलेल्या चित्रकाराला आणखी काय हवं! 1832 मध्ये ड्रुरी लेनला 'द रेंट डे' हे नाटक तर डेव्हिड विल्की या चित्रकाराच्या गाजलेल्या चित्राची रंगमंचावर हुबेहूब मांडणी करून उघडलं. आणि 1880 मध्ये स्क्वायर बँक्रॉफ्टनं हेमार्केट थिएटरच्या रंगमंचाला चारी बाजूंनी चक्क सोनेरी चौकट बसवली, तसबिरीला असते तशी.

राहिला अतिरेकी हावभावांचा मुद्दा. ड्रुरी लेनमध्ये तीन हजारांवर माणसं बसत. माइक नाही, गॅसचा उजेड मिणमिणता. वरच्या गॅलरीत स्वस्तातल्या बाकावर बसलेल्याला नायकाच्या भुवया कशा दिसणार? हातच बोलले पाहिजेत. पेट्रोमॅक्सच्या उजेडातला दशावतार ज्यानं पाहिलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता ते भूत

'द कोर्सिकन ब्रदर्स' हे अलेक्झांद्र द्युमाच्या कादंबरिकेवरून डायन बुसिकोनं इंग्रजीत आणलेलं नाटक. 24 फेब्रुवारी 1852 ला लंडनच्या प्रिन्सेस थिएटरात ते लागलं. जुळे भाऊ, एक कोर्सिका बेटावर, एक पॅरिसमध्ये. एकाला दुखापत झाली की दुसऱ्याला ती जाणवते. पॅरिसमधला लुई द्वंद्वयुद्धात मारला जातो आणि त्याच क्षणी त्याचं भूत घरी फाबियनसमोर येतं. चार्ल्स कीन हा नट दोन्ही भावांची कामं करायचा. दोघे एकत्र दिसायच्या जागी बदली माणूस उभा करत.

भूत नुसतं वर येत नसे. ते रंगमंचावर आडवं सरकत-सरकत वर येई, पाय न हलवता, व्हायोलिनच्या थरथरत्या सुरावर. रंगमंचाच्या फळ्यांखाली चढण असलेले रूळ होते आणि त्यावर एक छोटी गाडी. नट गाडीवर उभा राहायचा. गाडी ओढली की तो एकाच वेळी पुढेही जाई आणि वरही. पण मग जमिनीत लांबलचक खाच उघडी दिसायला हवी. त्यासाठी खाचेवर कापडावर चिकटवलेल्या अरुंद लाकडी पट्ट्या बसवलेल्या होत्या, थेट दुकानाच्या शटरसारख्या. गाडीबरोबर पुढचं शटर गुंडाळलं जाई, मागचं उलगडत जाई आणि नटाच्या अंगाभोवती एवढीशी फट उरे. या युक्तीला पुढे 'कोर्सिकन ट्रॅप' असंच नाव पडलं. राणी व्हिक्टोरियानं हे नाटक पुन्हा पुन्हा पाहिलं. हेन्री आयर्विंगनं 1880 मध्ये ते लायसियम थिएटरात परत उभं केलं.

यात आणखी एक भर म्हणजे लाइमलाइट. ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीत कळीच्या चुन्याचा तुकडा तापवला की तो डोळे दिपवणारा पांढरा उजेड देतो. 'लाइमलाइटमध्ये येणं' हा शब्दप्रयोग शब्दशः चुन्यातून आला आहे! पानात लावतात तोच चुना, फक्त न विझवलेला.

आता भाचीच्या चित्राकडे परत बघा. जमीन सलग आहे. खाच, पट्ट्या, काही नाही. नट आणि प्रेक्षक यांच्या मधली दिव्यांची ओळही गायब. यंत्राच्या खुणा पुसून चित्रकारानं फक्त भूत ठेवलंय.

"मग हे खोटंच की!"

हा आक्षेप रास्त आहे. याच बुसिकोचं 'द कॉलीन बॉन' घ्या. आधी न्यूयॉर्क, मग सप्टेंबर 1860 मध्ये लंडनचं अडेल्फी थिएटर. गाजलेला प्रसंग असा, की पाण्यानं भरलेल्या गुहेत खलनायकाचा माणूस नायिकेला ढकलतो आणि बुसिको स्वतः उडी मारून तिला वाचवतो. छापील चित्रांत खळाळतं पाणी दिसतं. रंगमंचावर होतं पातळ, पारदर्शक जाळीचं कापड, आणि ते दोन्ही बाजूंनी पोरं हलवायची.

तेव्हा चित्र म्हणजे सीसीटीव्ही फुटेज समजू नये. पंचनाम्यासारखं वाचावं. पंचांनी काय लिहिलं, काय सोडलं आणि कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं, तिन्ही बघायचं. पोशाख, केशरचना, कोण कुठे उभं होतं, टेबल डावीकडे की उजवीकडे, या बाबतीत चित्रकार बरेचदा विश्वासू असतो, कारण वाचकांपैकी अनेकांनी नाटक पाहिलेलं असायचं. खोली, आकाश, पाणी, गर्दीचा आकडा, इथे तो हात सैल सोडतो. माणसं जवळजवळ आणतो, नाहीतर चौकटीत मावत नाहीत.

पडताळायला इतर साधनं आहेत. तेव्हा नवं नाटक करण्याआधी संहिता लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडे मंजुरीला पाठवावी लागे. त्या संहितांचा प्रचंड साठा आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. वर्तमानपत्रांतली परीक्षणं आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 1924 मध्ये गॅब्रिएल एन्थोव्हेन या बाईंनी आयुष्यभर जमवलेली हँडबिलं आणि प्रिंट्स दिली, त्यावर तिथला नाट्यसंग्रह उभा राहिला. संहिता, परीक्षण आणि चित्र शेजारी शेजारी ठेवलं की प्रयोग बराचसा हाती लागतो. संहितेत 'तो वर येतो' एवढंच असतं. किती घाबरायचं, ते चित्रातून कळतं.

आणि खऱ्या-खोट्याचा गुंता दुसऱ्या बाजूनंही आहे. बुसिको सांगत असे की 'कॉलीन बॉन'ची कल्पना पक्की होताच त्यानं आयर्लंडमधल्या किलार्नी तळ्यांची स्टीलवर कोरलेली चित्रं विकत घेतली आणि नेपथ्य रंगवायला थिएटरच्या मालकीणबाईंकडे पाठवून दिली. प्रिंटवरून नेपथ्य झालं, नेपथ्यावरून परत प्रिंट. यातलं मूळ कुठलं म्हणायचं?

एक पेनी साधं, दोन पेनी रंगीत

मोठ्यांच्या साप्ताहिकांआधीपासून मुलांसाठी एक धंदा चालू होता, खेळण्यातली थिएटरं. साधारण 1811 पासून विल्यम वेस्टसारखे प्रकाशक चालू नाटकांतली पात्रं, नेपथ्य, पडदे कागदाच्या तावांवर छापून विकत. कृष्णधवल ताव एक पेनी, हातानं रंगवलेला दोन पेनी. मुलं ती पात्रं कापून पुठ्ठ्याला चिकटवत आणि घरी प्रयोग लावत. लंडनच्या हॉक्स्टन भागातल्या बेंजामिन पोलॉकच्या दुकानात हा व्यवहार विसाव्या शतकातही चालू होता.

हे ताव आज जपले जातात ते न कापलेले. म्हणजे ज्यांच्याशी कुणी खेळलंच नाही असे.

अस्सल की नक्कल?

माझ्याकडे एक सुटं पान आहे, मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर मिळालेलं. मागच्या बाजूला अर्धी साबणाची जाहिरात. फ्रेम करणाऱ्यानं ती बाजू चिकटवून टाकायची तयारी केली होती, त्याला थांबवलं. मागचा मजकूर हीच या पानांची पहिली ओळख. अख्ख्या दोन पानांचं चित्र असेल तर मधोमध घडीची खूण असते. कागद कडांना चहाच्या रंगाचा झालेला असतो, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिंध्यांच्या कागदाऐवजी लाकडाच्या लगद्याचा आम्लधर्मी कागद आला आणि तो स्वतःच स्वतःला खातो.

रंगाबद्दल सावध असावं. ही साप्ताहिकं बहुतांशी काळी-पांढरीच छापली जात. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'नं रंगीत चित्रं पहिल्यांदा दिली ती 1855 च्या नाताळ अंकात. त्यामुळे 1852 चं रंगीत पान दिसलं तर रंग नंतर कुणीतरी भरलाय. तो गुन्हा नव्हे, पण विकणाऱ्यानं तसं सांगावं. जुनं म्हणजे महाग, हाही गैरसमज. साप्ताहिकांच्या प्रती प्रचंड छापल्या जात, त्यामुळे सुटी पानं दुर्मीळ नाहीत.

खरी कसोटी भिंगाची. सोनाराकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. लाकडावरच्या कोरीव कामात काळ्या रेघा अखंड, कडक कडेच्या दिसतात. 1890 च्या दशकात साप्ताहिकांत फोटो सर्रास छापले जाऊ लागले तेव्हापासून राखाडी ठिपक्यांची जाळी दिसते. आणि निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके फुलासारख्या वर्तुळात दिसले तर ती आजकालच्या ऑफसेटची छपाई.

भाचीचं चित्र खाली काढलं, काच काढली, भिंग लावलं. विकणाऱ्यानं 'अस्सल 1852, हँड कलर्ड' असं लिहिलं होतं. रक्ताच्या डागात गुलाबी-पिवळे ठिपके. मी काही बोललो नाही, भिंग तिच्या हातात दिलं. तिनं बघितलं, मग "शी!" म्हणाली, आणि मग परत करता येईल का ते मोबाइलवर बघू लागली. मुदत संपून चार दिवस झाले होते.

काच परत बसवायच्या आधी तिनं भिंग चित्रावरून उगाच फिरवलं आणि मध्येच थांबली. "मामा, इथे बघ ना. भुताच्या मानेवरून सरळ काहीतरी गेलंय. ओरखडा आहे का?"

ओरखडा नव्हता. ठिपके दोन्ही बाजूंना दाट होते आणि मधली केसाएवढी पट्टी सरळ, कोरी. वरपासून खालपर्यंत.